मेथी निवडताना बोललेलं

भागिरथीला तोंड आवरायचं नाही, हे मी आधीच सांगते. सावेडीतल्या मुलींच्या बालगृहात मी स्वयंपाक करते आणि ती लहान मुलींना सांभाळायची. शेवगावकडची बाई. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा ही नगरला आली. नागापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम केलं, मग इथं लागली. पोरींच्या उवा काढताना त्यांना शिव्या घालायची आणि एखादीला ताप आला की तिच्या उशाशी बसून राहायची. माझं तिचं रोज वाजायचं, कारण लाडक्या पोरींसाठी ती माझ्या डब्यातला गूळ पळवायची.

सगळ्यात लाडकी सायली. सहा वर्षांची. आई गेलेली, बाप इथं सोडून गेला तो परत फिरकलाच नाही. आली तेव्हा पोर जेवायचीच नाही. भागिरथीनं मांडीवर घेऊन दुधात भाकरी कुस्करून भरवली, तेव्हा कुठं खायला लागली.

मग संस्थेनं रुपाली मॅडमना समुपदेशक म्हणून नेमलं. मनानं चांगल्या. म्हणाल्या, दर गुरुवारी दुपारी सगळ्यांनी बसायचं. आठवडाभर मुलींशी आपण कसं वागलो, तेव्हा आपल्याला काय वाटलं, ते बोलायचं. चुका काढायला नाही, समजून घ्यायला. पहिले काही गुरुवार सगळ्या गप्प. रिकाम्या हातानं बसून मनातलं बोलायची सवय कुणाला आहे? शेवटी मीच वैतागून मेथीच्या जुड्या मधे आणून टाकल्या. म्हटलं, बसायचंच आहे तर निवडा. आणि काय सांगू, पानं खुडता खुडता बायका बोलायला लागल्या. मान खाली, हात चालू. एकीनं सांगितलं, मी पोरीवर हात उगारला. एक नुसतीच रडली. मॅडम ऐकत राहायच्या, मधेच एखादा प्रश्न विचारायच्या. मला पटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

एका गुरुवारी भागिरथी म्हणाली, "सायली मला आई म्हनती. मावशी म्हनायचं असा नियम हाय, मला ठावं हाय. पन मी तिला टोकत न्हाई. मला लई बरं वाटतं."

मॅडम हळूच म्हणाल्या, "बरं झालं बोललात. यावर आपण विचार करू."

तो विचार वरच्या ऑफिसात झाला. मॅडमनी संस्थेच्या साहेबांना विश्वासानं सांगितलं की, दोघींचा जीव एकमेकींत अडकलाय, उद्या पोर दुसरीकडे गेली तर अवघड होईल, भागिरथीताईंना आधार द्यायला हवा. साहेबांनी त्यातलं अर्धंच ऐकलं. पंधरवड्यात भागिरथीची बदली झाली, संस्थेच्या शेवगावच्या मुलांच्या वसतिगृहात. वर म्हणाले, "तुमचं गाव जवळ आहे, सोयच झाली." सोय म्हणे. तिकडं तिचं होतं कोण?

मी साहेबांशी भांडले. ते म्हणाले, मुलीच्या हिताचंच आहे. मॅडम रडल्या, बदली थांबवायला धडपडल्या, पण त्यांचंही कुणी ऐकलं नाही. भागिरथी मात्र भांडली नाही आणि तेच मला सहन झालं नाही. पिशवी भरताना एवढंच म्हणाली, "बोला म्हनल्या म्हनून बोलले गं." सायली शाळेत असताना ती गेली. तसंच जायला सांगितलं होतं.

गुरुवार अजून होतो. मेथी असते. मॅडम विचारतात, "कुणाला काही बोलायचंय?" आम्ही खाली मान घालून निवडत राहतो. हल्ली भाजी लवकर निवडून होते.

परवा सायली स्वयंपाकघरात आली. ताटातलं अर्धं तसंच होतं. माझा पदर धरून म्हणाली, "रतनमावशी, तू तिला फोन कर ना. सांग, मी आता तिला मावशीच म्हणेन. मग येईल ती?"

मी तव्यावरची पोळी उलटायचं विसरले. येत्या गुरुवारी सगळ्यांसमोर हे बोलावं असं फार मनात आहे. पण बोलले तर पोर अजून विसरत नाही म्हणून तिलाच दुसऱ्या कुठल्या बालगृहात हलवतील, अशी भीती वाटते. म्हणून मी मेथीच निवडणार आहे.