मामींनी फोन घेतला तेव्हा

“ही कोणासंगं एवढं लिहून राहिली?” शेजारच्या काकू मामींना हळूच म्हणाल्या. हळूच म्हणजे मला ऐकू जाईल इतकंच.

मी मुखेडला मामांकडे आले होते आणि लॅपटॉप लातूरला दुरुस्तीला पडला होता. कॉलेजचा प्रोजेक्ट संध्याकाळपर्यंत गेला नाही तर वर्ष अडकणार होतं. म्हणून फोनवरच लिनक्सचं टर्मिनल उघडून बसले होते. काळा पडदा, त्यावर मी टाइप केलेल्या कमांड आणि खाली त्यांची उत्तरं. प्रोग्रामची शेवटची चाचणी नुकतीच सुरू केली होती.

तेवढ्यात मामींनी माझ्या हातातून फोन घेतला. “उदगीरला ताईला लावते गं, माझा रिचार्ज संपलाय.”

त्या घरात ज्याचा फोन समोर दिसेल तो सगळ्यांचा. मला नको म्हणता आलं नाही. टर्मिनल मागे पडलं की फोन कधीकधी ते परस्पर बंद करून टाकतो, हे मामींना कुठून सांगणार? मामी ताईंच्या सुनेपासून तुरीच्या भावापर्यंत बोलल्या. मी तोवर चहाचे कप विसळत राहिले.

फोन हाती आल्यावर भीत भीत टर्मिनल उघडलं. चाचणी आपली आपण चालून संपली होती. एकही चूक नव्हती. फाइल पाठवली, ती पोचल्याचं कॉलेजचं उत्तर आलं आणि माझे खांदे सैल पडले.

काकू अजून माझ्याकडेच बघत होत्या. मी फोन मामींपुढे धरला.

“घ्या मामी, आता लागेल तेवढं बोला.”