'तुझी इथे गरज नाही'

माझ्या अकलेचे तारे ऐकायचेत? चहा घ्या आणि नीट बसा, कारण अशी फजिती रोज होत नाही!

आमचं ऑफिस हडपसरला. नवा साहेब यान, हॉलंडचा. "मला सर म्हणू नका. माझं चुकलं तर तोंडावर सांगा," हे त्याचं रोजचं पालुपद. सांगणार कोण? आम्ही नुसत्या माना डोलवायचो. आणि बुडापेस्टहून आलेली कातालिन तर तोंडच उघडायची नाही. तिकडे हंगेरीत तिच्या साहेबाने ठरवायचं आणि बाकीच्यांनी करायचं, अशीच तिला सवय.

तर परवा मीटिंग भरलेली. यान सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मीरा, तुझी इथे गरज नाही. तू जा."

झालं! इतक्या वर्षांची नोकरी आणि एका वाक्यात निरोप? मी उठले. कातालिन मागोमाग बाहेर आली, पांढरीफटक पडलेली.

"आमच्याकडे साहेब असं बोलला, की टेबल आवरायचं."

आवरलं! गणपती, कॉफीचा कप, लोणच्याची बाटली, सगळं खोक्यात. खोकं तिनेच स्कूटरवर बांधून दिलं आणि मला मिठी मारून रडली. मग मी कशाला मागे राहते? घरापर्यंत हेल्मेटमध्ये रडत आले!

दारात पोचते तोच यानचा फोन. "अगं, आहेस कुठे? चार वाजता आपला डेमो आहे ना?"

"तुम्हीच काढलंत ना मला?"

"मीटिंगमधून काढलं! डेमोची तयारी करायला वेळ मिळावा म्हणून. आणि इथे कातालिन सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडतेय. म्हणते, मीराला काढणं चूक आहे, ती गेली तर मीही चालले."

मी कपाळाला हात लावला. "चिडलात का हो तिच्यावर?"

"चिडेन कशाला? कधीपासून वाट बघतोय, कोणीतरी मला 'चुकलास' म्हणावं!"

खरं सांगते, पुन्हा डोळे भरले. साहेबापुढे कधी न बोलणारी बाई माझ्यासाठी नोकरी पणाला लावून भांडली. आणि साहेब ते खुशीत ऐकत होता! अशी माणसं नशिबानेच मिळतात हो.

खोकं तसंच घेऊन परत निघाले, तर सासरे दारात. त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे तो जा म्हणाला आणि तू आलीस?" ते म्हणाले. "अगं, आपल्या सदाशिव पेठेतला वाणी रोज तुला 'घ्यायचं नसेल तर निघा' म्हणतो. तिथे बरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी घेऊन जातेस!"