खजुराच्या काकवीवाल्या वहिनी

आमच्या वहिनी गोड वाढताना आधी तोंडाने बजावत आणि मग चमच्याने वाढत. "गोड हाय बरं का, साखरंसारखंच गोड हाय," असे म्हटल्याशिवाय त्यांचा खजुराचा पाक कोणाच्या ताटात उतरला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. भिंगारात त्यांच्याविषयी दोन कथा फिरतात आणि दोन्ही खोट्या आहेत. एका कथेनुसार वहिनींनी या पाकावर माझ्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे दादांचा, मधुमेह घालवला. दुसरीनुसार त्यांनी नवऱ्याचा मधुमेह याच पाकाने वाढवला. मी दादांच्या शेजारी राहतो आणि त्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे जेवलो आहे. कथा सांगणारे तिथे नव्हते.

माझा अधिकार काय, असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो: मी साखर कारखान्यात पॅनमन होतो. उकळत्या रसात साखरेचा दाणा केव्हा धरायचा, हे ठरवणारा माणूस. अशा माणसापुढे वहिनींनी एक बाटली ठेवली आणि म्हणाल्या, "ही खजुराची काकवी." मी तिथल्या तिथे हरकत घेतली. काकवी उसाची असते. गुऱ्हाळात गूळ होण्याआधी कढईतून काढतात ती. खजुराचा होतो तो पाक. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले. "बरं भावजी, उसाची ती काकवी, अन् ही तिची चुलतबहीन. आता चाखा." मी चाखली. रंग काकवीचा, पण गोडीच्या मागे फळाचा किंचित आंबटपणा. तो उसात नसतो, हे मी मान्य केले. शब्द मला आजही मान्य नाही.

त्यांची कृती सोपी होती. बाजारातला मऊ काळा खजूर बिया काढून कोमट पाण्यात भिजवायचा, हाताने कुस्करायचा, मलमलीच्या फडक्यातून पिळायचा आणि मंद आचेवर आटवायचा. एकदा ढवळण्याचे काम मी हौसेने मागून घेतले. "भावजींनी पातेलं जाळलं" असे वहिनी पुढे आल्यागेल्याला हसत सांगत. पातेले जळाले नव्हते, पाक तळाला लागला होता. कारखान्यातल्या सवयीने मी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तार पाहत बसलो होतो. "हितं काय बॉयलर हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "पातळच उतरवायची. गार झाली की आपसूक दाटती."

त्या पाकाचे उपयोग त्यांना अनेक सुचत. बाजरीच्या गरम भाकरीवर तुपाबरोबर, नाचणीचे लाडू वळायला, चिंचेच्या चटणीत गुळाच्या जागी. खिरीत मात्र दूध चुलीवरून उतरून कोमट झाल्यावरच घालायचा, नाहीतर दूध फाटते. पौष्टिकपणाची बढाई मात्र त्या कोणाला मारू देत नसत. खजुरात चोथा असतो, पोटॅशियम असते, थोडे लोह असते; त्यातले काही पाकात उतरतेही. पण चमचाभर पाकात ते कितीसे येणार? आणि चोथा तर फडक्यातच राहतो. "पोटाला लागणारं फडक्यात ऱ्हायलं, जिभेला लागणारं बाटलीत गेलं," असे म्हणून त्या तो चोथा थालीपिठाच्या पिठात मळत. ती थालीपिठे मला पाकाहून अधिक आवडत. हे मत माझे आहे आणि त्यावर मी वाद ऐकणार नाही.

आता त्या शनिवाराकडे येतो. दादांना मधुमेह होता, साखर बंद होती आणि शनिवारचा उपवास कडक होता. खजूर उपवासाला चालतो. त्यावरून दादांनी स्वतःच्या बुद्धीने असा निष्कर्ष काढला की, जे उपवासाला चालते ते शुगरलाही चालते. वहिनी बाजारात गेल्या असताना त्यांनी शिंगाड्याच्या शिऱ्यावर वाटीभर पाक ओतून घेतला. संध्याकाळपर्यंत घसा कोरडा, डोळ्यांपुढे धूसर. रिक्षात घालून दवाखान्यात न्यावे लागले. वहिनींवरच्या आरोपाचा उगम हा. सुधारल्यावर दादा खाटेवरून पुटपुटले, "अगं, उपवासाचं हुतं ते!"

"देवाला चाललं," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या रक्ताला कुनी इचारलं?"

आता बाटली उकिरड्यावर जाणार, असे आम्हा सर्वांना वाटले. वहिनींनी ती फेकली नाही, कपाटात कुलूपबंद केली आणि डॉक्टरांना जाऊन विचारले. गोळ्या चुकवायच्या नाहीत, चालणे सोडायचे नाही आणि पाक घेतला त्या जेवणात भाकरी कमी करायची, या अटींवर चहाच्या चमच्याने एक चमचा मंजूर झाला. दादांची शुगर आटोक्यात राहिली ती या शिस्तीने.

तेवढ्यावरून पहिली कथा जन्मली. गल्लीतल्या बायकांच्या बचत गटाला हा पाक विकायचा होता; गटाच्या शालनताई बाटल्यांवर लावायची छापील लेबले घेऊन आल्या. त्यांवर 'मधुमेहींसाठी उत्तम' असे होते.

"काकू, तुमच्या घरातच जिता दाखला बसलाय की!"

"बसलाय ना. गोळ्या खाऊन बसलाय. ते बी छापती का?"

"एवढं कोन बघतंय, काकू?"

"ज्याची शुगर वाढंल त्यो बघंल. माझं नाव असल्या बाटलीवर नगं."

वहिनी कृती द्यायला कंजूष होत्या, असे गटातल्या काही जणी सांगतात. साफ खोटे. त्यांनी साऱ्या गटाला घरी बोलावून, चुलीशी बसवून कृती शिकवली. नाकारले ते फक्त एक वाक्य.

गेल्या वर्षी वहिनी अल्पशा आजाराने गेल्या. दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणे झाली. एका पाहुण्या वक्त्याने गहिवरून सांगितले, की या माउलीने खजुरावर पतीचा मधुमेह समूळ बरा केला. मी उभा राहिलो. मागून कोणीतरी सदरा ओढला, "बसा की नाना, दहावा हाय!" मी बसलो नाही. दहावा वहिनींचा होता आणि त्यांच्या नावावर तेच वाक्य चिकटवले जात होते. "हे खोटे आहे," मी मोठ्याने म्हणालो. मंडपात कुजबुज सुरू झाली.

तेव्हा दादांनी खुर्चीतूनच हात वर केला. "त्यो बरोबर बोलतोय," ते म्हणाले. "शुगर हाय मला. आज बी हाय." मग कोणाकडेही न पाहता म्हणाले, "समद्यांनी माझं गोड बंद केलं हुतं. तिनं चमचाभर चालू ठिवलं."

त्यांच्या या निवेदनात मला काही दुरुस्ती सुचलेली नाही. कोणाला सुचत असल्यास मी भिंगारातच राहतो.