मेथीवाल्यांची लाइन

भाजीचा वाफा राखणाऱ्या माणसाजवळ किस्से कसे साठतात, हे मला अजून उलगडलेलं नाही. भाजीचं निदान बी तरी पेरावं लागतं. किस्से आपोआप उगवतात, मिळेल त्या काठीवर चढतात आणि चार दिवस बघितलं नाही की भलतेच मोठे होतात. माझे जरा जास्तच मोठे होतात, असं आमच्या घरातून सांगण्यात येतं. तिकडे लक्ष देऊ नका. घरातली माणसं वाफ्यावर फारशी येत नसत.

छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली आणि आमचं ऑफिस कपाटांसकट, टेबलांसकट आणि आमच्यासकट नागपूरहून भोपाळला आलं. नव्या क्वार्टरांच्या लांबलचक लाइनीमागे काळ्या मातीचं मोकळं रान होतं. ते उतरत उतरत तलावाकडे जायचं. कुणा वरिष्ठाच्या मनात आलं, ही जागा लोकांना भाजीपाल्यासाठी द्यावी. चिठ्ठ्या टाकून एकेका घराला एकेक पट्टा मिळाला. फायलींना दोरी बांधणारे आम्ही लोक एका सकाळी कुदळी घेऊन उभे राहिलो आणि कुदळ नक्की कुठल्या बाजूनं धरायची यावर चर्चा करू लागलो.

त्या लाइनीचे हे किस्से.

* * *

माझ्या शेजारचा पट्टा भाऊराव ठोसरांचा. भाऊराव माझ्याच सेक्शनमधले, मऊ आवाजाचे. वाफा मात्र वहिनींचा. ठोसरवहिनींची आई, बहीण, मैत्रिणी, सगळं नागपुरात राहिलेलं. आल्या आल्या त्यांनी भाऊरावांना परतीच्या बदलीचा अर्ज करायला लावला होता, आणि तो मंजूर व्हावा एवढं एकच मागणं त्या रोज देवापुढे ठेवत. त्यांनी बागेचा कायदाही त्याच हिशेबानं केला.

“ऑर्डर आली आणि भाजी अर्धीच मातीत राहिली, असं मला नको बाप्पा. दोन महिन्यांत जे हाताशी येईल तेवढंच लावायचं.”

कायदा इतका पटण्यासारखा होता की सगळ्या लाइनीनं उचलला. परत जायची आस प्रत्येकाला होतीच. वांगी नको, फार वेळ खातात. कांदा नको. झाडाचं तर कुणी नाव काढेना. उरली मेथी. या टोकापासून त्या टोकापर्यंत मेथी. सकाळी मेथीची भाजी, दुपारी मेथीचे पराठे, पाहुणे आले की मेथीचा झुणका. ऑफिसातल्या फायलींनाही मेथीचा वास येऊ लागला. एकदा वरून आलेल्या तपासणी अधिकाऱ्यानं एक फाइल उघडली, डोळे मिटले आणि म्हणाला, “लंच का टाइम हो गया क्या?”

आमच्यातले एकमेव भोपाळी म्हणजे रहमतमियाँ. ते जुन्या संस्थानी कचेरीतून आमच्या ऑफिसात आलेले, आणि ठोसरांच्या पलीकडचा पट्टा त्यांचा. त्यांनी पहिल्याच दिवशी डाळिंब लावलं. मग कुंपणावर हात टेकून आमचं ते हिरवं गालिच्यासारखं रान बराच वेळ पाहिलं.

“को खाँ, तुम लोग यहाँ रहने आए हो, कि गाड़ी का इंतज़ार कर रिये हो?”

वहिनींनी मेथीची जुडी बांधून त्यांच्या हातात ठेवली.

* * *

हिवाळ्यात तलावावरून धुकं चढून यायचं. ते आधी वाफे गिळायचं, मग कुंपणं, मग आम्हाला. अशा सकाळी पाणी घालताना वाटायचं, आपण कुठल्याच गावात नाही. नागपूर मागे राहिलं, भोपाळ अजून दिसत नाही, मध्ये आपण झारी घेऊन उभे.

पाखरांसाठी मी एक बुजगावणं केलं. त्याला आमच्या साहेबांचा टाकून दिलेला कोट आणि टोपी चढवली. कोट माझ्याकडे कसा आला ते विचारू नका. पाखरं त्याच्या खांद्यावर बसून ऊन खायची. दचकायचो ते आम्हीच. धुक्यातून तो कोट दिसला की झारी खाली, “गुड मॉर्निंग सर” वर. भाऊराव तर एकदा त्याच्यासमोर हात बांधून पाच मिनिटं उभे राहिले. मी विचारलं, “काय बोललात?” म्हणाले, “बदलीच्या अर्जाची आठवण केली. साहेब नाही म्हणाले नाहीत.”

मग एके दिवशी खरे साहेब फिरायला आले. धुक्यात त्यांनी आपला कोट पाहिला, टोपी पाहिली आणि थबकले. मी मेथीत बसून घेतलं. साहेब त्याच्याभोवती एक फेरी मारून आले, त्याची टोपी सरळ केली आणि हळूच म्हणाले, “आप ही ठीक हैं यहाँ. मुझे तो दफ़्तर जाना है.”

* * *

लाइनीच्या टोकाला जोगळेकर राहायचे. पुण्याचे इंजिनिअर. गावाबाहेर मोठा कारखाना उभा राहत होता, त्याच्या कामावर होते. तिकडची घरं तयार होईपर्यंत त्यांना आमच्या लाइनीत क्वार्टर मिळालं होतं. आम्ही बादल्यांनी पाणी वाहतो हे त्यांना पाहवेना. त्यांनी नळापासून सगळ्या वाफ्यांपर्यंत पाट खणायचं ठरवलं. दोऱ्या ताणल्या, खुंट्या ठोकल्या, पाणसळ लावून इंचाइंचाला माती खरवडली. दोन रविवार कुणाला तिथे पाय ठेवू दिला नाही.

पाणी सोडलं. पाणी आलं, पाटभर पसरलं आणि थांबलं. पुढे नाही, मागे नाही. पाट इतका तंतोतंत सपाट झाला होता की पाण्याला कुठे जावं तेच ठरवता येईना.

“लेव्हल एका केसानंही चुकलेली नाही,” जोगळेकर म्हणाले.

“अहो, तेच तर,” त्यांच्या बाई म्हणाल्या.

संध्याकाळ होत होती. त्या पाण्यात सगळं आकाश उतरलं होतं. बगळ्यांची रांग आमच्या पायांखालून गेली. पाट मोडून पुन्हा करा म्हणायला सगळे जमले होते, पण कुणाच्यानं बोलवेना. जोगळेकर काठावर बसले, मग आम्हीही बसलो. बायका त्यात बघून वेण्या घालून गेल्या. आम्ही महिनाभर बादल्यांनीच पाणी वाहिलं, पण त्या पाटाला ओलांडताना प्रत्येक जण पाऊल उंच उचलायचा, न जाणो एखादा ढग तुडवला जायचा.

* * *

लाल भोपळा मी लावला नव्हता. कायदा मोडणारा मी माणूस नाही. चिरताना फेकलेल्या बियांतून तो आपला आपण आला. आधी कुंपणावर गेला, मग विजेच्या खांबावर, मग तारेवरून चालत निघाला. रोज सकाळी आम्ही बघायचो, कुठपर्यंत पोचला. तारेवर बसलेले पोपट त्याला सरकून जागा द्यायचे. असं करत करत तो रस्ता ओलांडून साहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात उतरला आणि तिथं त्याला फळ धरलं. फळ केवढं? साहेबांचा चपराशी त्याला टेकून दुपारची डुलकी घ्यायचा. यात मी वाढवून काही सांगत नाही. चपराशी बारीक होता.

प्रश्न आला, भोपळा कुणाचा? साहेबांच्या बाई म्हणाल्या, आमच्या व्हरांड्यात आहे. मी म्हणालो, मूळ माझ्याकडे आहे. दोन्ही बाजूंनी माणसं जमली. शेवटी रहमतमियाँना पंच केलं. त्यांनी वेलीवरून नजर पार टोकापर्यंत नेली.

“देखो खाँ, जड़ जहाँ रह गई, रह गई. फल जिसके आँगन में लगा, उसका.”

बोलणं भोपळ्याचं होतं, पण प्रत्येकाला आपापलं मूळ कुठे राहिलं ते आठवलं असावं. तेवढ्यात ठोसरवहिनी म्हणाल्या, “मियाँजी, देठ अभी सूखा नहीं है. इतनी घाई मत करो.”

भोपळा शेवटी सगळ्या लाइनीत वाटला. साहेबांच्या घरी पुऱ्या झाल्या, आमच्याकडे भाजी.

* * *

रहमतमियाँच्या बेगम पडदा पाळत. त्यांना सगळे आपा म्हणत. त्यांच्या आणि ठोसरांच्या पट्ट्यांमध्ये बांबूची तट्टी होती आणि तिच्यावर वालाचा दाट वेल. सगळा हिवाळा वहिनी इकडून आणि आपा तिकडून बोलायच्या. वहिनींची हिंदी नागपूरहून आलेली, आपांची बडे तालाबच्या पाण्यात भिजलेली. मेथी कशात शिजवायची इथपासून आईची आठवण कुठल्या वेळी जास्त येते इथपर्यंत सगळं त्या वेलीतून चालायचं. जांभळ्या फुलांतून मधूनच एक बांगड्या भरलेला हात यायचा, पुदिना ठेवून परत जायचा. वहिनी भाऊरावांना सांगायच्या, “आज आपांचा आवाज बसला होता,” किंवा, “आज हात जरा उदास वाटला.”

मग रहमतमियाँच्या पुतणीचं लग्न आलं. बायकांच्या बाजूला वहिनी एका गोऱ्या, उंच बाईशेजारी बसल्या. दोघी एकमेकींकडे बघून ओळख नसल्यासारखं हसल्या आणि कंटाळून गप्प राहिल्या. बराच वेळ गेला. ती बाई कुणाला तरी म्हणाली, “पानी देना बेटा.” वहिनींनी मान वळवली.

“आपा?”

“हाय अल्ला. ठोसर भाभी?”

चेहऱ्याला चेहरा भिडला आणि दोघींना शब्दच सुचेना. लाजल्या दोघी. शेवटी आपांनीच युक्ती काढली. दोघी पाठीला पाठ लावून बसल्या आणि मग जेवणं होईपर्यंत त्यांचं बोलणं थांबलं नाही. हे मी पाहिलेलं नाही, पण आमच्या घरातून सांगितलेलं आहे, म्हणजे खरं असणार.

* * *

भाऊरावांची ऑर्डर दसऱ्याच्या आधी आली. नागपूर. एवढी वाट पाहिलेली, त्यामुळे त्यांनी ती ऑफिसातून घरी आणलीच नाही, आधी वाफ्यावर आणली. वहिनी पाणी घालत होत्या. त्यांनी ऐकलं, जोडलेले हात कपाळाला लावून देवाला नमस्कार केला, आणि मग मेथीच्या पलीकडे बघत उभ्या राहिल्या.

तिथे कमरेइतकी उंच, केळीसारखी रुंद पानं डुलत होती. आम्ही सगळ्यांनी ती रोज पाहिली होती. काय आहे हे कुणीच विचारलं नव्हतं.

“हळद आहे,” वहिनी म्हणाल्या. “पावसाआधी आपांनी मूठभर दिली होती. टाकून देता येते का बाप्पा?”

“पण हिला तर आठ-नऊ महिने लागतात,” मी म्हणालो.

“मला माहीत आहे, नाना.”

“आणि तुमचा कायदा?”

त्यांनी झारी दुसऱ्या हातात घेतली. “माघाच्या आधी काढली तर आत नुसतं पाणी निघेल.”

भाऊराव रात्रभर झोपले नसावेत. सकाळी साहेबांसमोर उभे राहिले, माझ्यादेखत. म्हणाले, थोडी मुदत हवी. साहेबांनी विचारलं, मुलांची परीक्षा? नाही. घरी आजारपण? नाही. मऊ आवाजाच्या माणसाला खोटं बोलता येत नाही.

“सर, हळद आहे. ज़मीन में.”

साहेबांनी चष्मा काढला. खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचंही गाव कुठेतरी लांब होतं.

“कब निकलेगी?”

“माघ में, सर.”

“कच्ची मत निकालना,” साहेब म्हणाले, आणि कागदावर सही केली.

थंडी आली. पानं पिवळी पडली, मग वाळून आडवी झाली. माघातल्या एका सकाळी सगळी लाइन कुदळी घेऊन आली. एव्हाना कुदळ कुठून धरायची ते आम्हाला कळत होतं. धुकं नुकतंच उठत होतं. भाऊराव खणत होते, मी टोपलं धरून होतो. काळ्या मातीतून केशरी गड्डे निघत होते, न संपणारे. एका रोपाखाली तर टोपलंच कमी पडलं. मी हे वाढवून सांगत नाही. वेलीतून आपांचा हात आला, वहिनींनी त्यावर सगळ्यात मोठा गड्डा ठेवला. हात बराच वेळ तसाच राहिला.

प्रत्येक घराला वाटणी झाली. भाऊरावांनी दुसऱ्या दिवशीच्या गाडीची तिकिटं आणलेली होती, ती त्यांच्या खिशातून थोडी डोकावत होती. वहिनींनी मात्र जाड, गोल गड्डे निवडून पदरात वेगळे घेतले होते.

“हे कशाला?” भाऊरावांनी विचारलं.

“बेणं. सावलीत, वाळूत ठेवायचं.”

“नागपूरला न्यायचं?”

“तिथे दोन खोल्या, वरच्या मजल्यावर. लावू कुठे?”

डोळे पुसताना भाऊरावांचे हळदीचे हात लागले आणि आणखी चुरचुरले. रहमतमियाँ वाफ्याच्या मधोमध उभे होते. त्यांना राहवेना.

“को खाँ भाऊराव, कल गाड़ी कितने बजे की है?”

उत्तर वहिनींनी दिलं, खाली वाकल्या वाकल्या, कुदळ आपल्याकडे ओढून घेत.

“मियाँजी, जरा उधर सरको. तुम खड़े हो ना, वहाँ निंबू का गड्ढा करना है.”