हरकत घेणाऱ्याची खुर्ची

हाशिमअंकल गेल्याचं त्यांच्या पुतण्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी गालिच्याच्या भावावरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. फोन ठेवला आणि गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला ‘घेऊन जा’ म्हणालो. मग राग आला. आमचं भांडण अर्धवट सोडून हा माणूस गेलाच कसा?

सिंगापुरात अरब स्ट्रीटवर माझ्या दुकानाशेजारी त्यांचं अत्तराचं दुकान. दुपारी कुप्यांतून ऊन झिरपायचं, ऊदाच्या धुरात सगळं तरंगायचं आणि अंकल आजोबांबद्दल बोलू लागले की सिंगापूर विरघळून जायचं... तुर्की सुलतानाच्या अमलातलं अरब शहर, तळघरातला छापखाना, पुन्हा पुन्हा बंद पाडलेलं वर्तमानपत्र, तुरुंग, मग जहाज. इथे उतरले तर इंग्रज! ‘फक्त टोपी बदलली,’ आजोबा म्हणाले आणि पुन्हा छापखाना काढला. त्यांचं म्हणणं, जुलमी राजा आभाळातून पडत नाही. घरात बाप, शाळेत मास्तर, दुकानात मालक रोज त्याची तालीम करतात. म्हणून छापखान्यात एकच चांगली खुर्ची होती, शिसवी. मालकाचं ज्याला पटत नसेल त्याने तिच्यात बसायचं. त्याचं बोलून होईपर्यंत आजोबा उभे.

ती खुर्ची मी अंकलकडे कितीदा मागितली! फुटपाथवर चादरी विकत वर आलेला माणूस मी. विकाऊ नसलेली वस्तू मला सहन होत नाही. “कदम, ही विकायची नाही. बसायची आहे,” एवढंच ते म्हणायचे.

आमचं भांडण झालं त्या दिवसांत टीव्हीवर हुकूमशहांविरुद्ध उठलेल्या माणसांनी भरलेले अरब शहरांतले चौक दिसत होते. अंकल डोळे पुसत होते. मी म्हणालो, “चार दिवस ओरडतील, जातील घरी.” माझी विक्रेती मेइलिंग चहा घेऊन तिथेच उभी होती. अंकल वळले. “तुझ्या दुकानात तरी ‘येस बॉस’शिवाय काय ऐकू येतं, सुलतान?”

माझ्या नोकरासमोर! मी चहा न पिता उठलो, पुन्हा गेलो नाही. उत्तर मात्र घोळवत होतो... सुलतानाला गादी वारशाने मिळते; मी माझी खांद्यावर गालिचे वाहून मिळवली. ते ऐकवायचं राहिलं.

अंकल गेल्यावर महिन्याने पुतण्या ती खुर्ची घेऊन आला. “तुम्हालाच द्या म्हणाले होते. फुकट.” म्हणजे घासाघीस करायचीही सोय ठेवली नाही! मी तिच्यात बसलो, रिकाम्या दुकानात माझं उत्तर मोठ्याने बोललो. समोर उभं राहून ऐकणारं कोणी नव्हतं.

परवा एका जुन्या गिऱ्हाइकाला मी भाव चढवून सांगितला. तो गेल्यावर मेइलिंग सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली.

“बॉस, यू आर राँग, लाह,” ती खास सिंगापुरी हेल काढून म्हणाली.

डोकं भणाणलं. तेवढ्यात लाकडातून ऊदाचा वास आला... मी गल्ल्यावरून उठलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो.