माती, गवत आणि कलाताई

खेळाच्या मैदानावर खरं गवत असावं की प्लॅस्टिकचं, यावरून ऑकलंडमधली शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर येतात. कलाताई पाटणकरांना हे दोन्ही पक्ष सारखेच वेडे वाटायचे. त्या वाढल्या सांगलीत, खो-खोच्या मैदानावर. तिथे मैदान म्हणजे माती. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, फक्कीने रेषा आखायच्या आणि अनवाणी पळायचं. मैदानात गवत उगवलं की शाळेतल्या बाई म्हणायच्या, "पोरी आळशी झाल्यात."

नवऱ्याच्या नोकरीमागे त्या इकडे आल्या आणि ऑकलंडच्याच माउंट वेलिंग्टन भागातल्या एका ऑफिसात एचआरचं काम बघू लागल्या. सगळं छान होतं, पण खो-खोवाचून त्यांना चैन पडेना. स्वतःची मुलं मोठी झाल्यावर त्यांनी शेजारच्या ओटाहुहूच्या एका मैदानाचा कोपरा मागून घेतला आणि ओळखीपाळखीच्या घरांतल्या मुली धरून आणल्या. मुलींना मराठी कळायचं, उत्तरं इंग्रजीत यायची. 'खो' मात्र सगळ्या खणखणीत द्यायच्या. कलाताईंचा अख्खा आठवडा रविवारच्या त्या खेळाच्या आशेवर जायचा.

अडचण पावसाची. मैदान ओलं झालं की फाटकावर 'बंद'चा फलक लागे आणि हिवाळ्यात तर तो उतरतच नसे. मुली कंटाळून नेटबॉलकडे वळू लागल्या. सिद्धी ही त्यातली सगळ्यात चपळ मुलगी. तिची आई मुग्धा आयटीतली, स्वभावाने गोड आणि तितकीच चिवट. ती म्हणाली, "कलाताई, आपण टर्फ बुक करू या ना. पाऊस असला तरी हीप्स ऑफ टाइम, हवा तेवढा वेळ खेळता येईल. आणि आता इंडियातसुद्धा मॅटवरच खेळतात."

"म्हणूनच मी तिकडचे सामने बघत नाही," कलाताई म्हणाल्या. "त्या प्लॅस्टिकवर मी पाय ठेवणार नाही. लिहून घे."

पुढे हॅमिल्टनच्या मुलींशी सामना ठरला, आणि कलाताईंच्या डोक्यात किडा वळवळला. निदान एकदा तरी आपल्या पोरींना खरं मैदान दाखवायचं! सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळीच त्या खुरपं घेऊन गेल्या आणि दोन खांबांमधल्या पट्ट्यातलं गवत मुळासकट काढून टाकलं. पाणी मारलं, माती पायाने दाबून घेतली. कंबर पार धरली, पण तो तपकिरी पट्टा बघून त्यांना अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

मैदानाची देखभाल करणारा सिओने मूळचा टोंगाचा, धिप्पाड आणि मोठ्या आवाजाचा. तो आला आणि त्या उघड्या मातीसमोर थबकला.

"आँटी, हे कोणी केलं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

कलाताईंनी अभिमानाने स्वतःकडे बोट दाखवलं.

"पुरात हे सगळं चिखलाखाली गेलं होतं," तो म्हणाला. "मूठमूठ बी टाकून मी ते परत आणलं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो गुडघ्यावर बसून उपटलेल्या गवताची मुळं बघत राहिला. कुणीतरी जिवापाड जपलेलं आपण उपटून टाकलंय, हे कलाताईंना तेव्हा कळलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गवत परत येईपर्यंत तो कोपरा बंद झाला. मुग्धाने सामना एका शाळेच्या टर्फवर नेला, आणि मुली तिथेच रमल्या. कलाताई गेल्या नाहीत. लिहून घे म्हणाल्या होत्या ना! त्या दर रविवारी सिओनेकडे जाऊ लागल्या. माती सारखी केली, बी पेरलं, पाखरं हाकलली. हळूहळू तो हसू लागला आणि दोघांचं चांगलं गूळपीठ जमलं. पण खरं सांगायचं तर बाईंच्या मनात एकच होतं. गवत आलं की मुली परत येतील.

वसंतात गवत आलं, चांगलं दाट. सिओनेने कोपऱ्याभोवती बांधलेली दोरी काढली. कलाताईंनी ग्रुपवर निरोप टाकला: येत्या रविवारी सगळ्या मैदानावर या. आणि शनिवारी पाऊस जो कोसळला तो थांबेचना. रविवारी त्या पोचल्या तर फाटकावर फलक, आणि फलकाशेजारी छत्री धरून सिओने.

"सॉरी, आँटी. आज कोणी पळालं तर सगळं जाईल."

त्यांना ते पटलं. पटलं म्हणूनच जास्त लागलं.

तेवढ्यात मुग्धाचा फोन आला. "कलाताई, पाऊस बघून आम्ही टर्फवरच आलोय. एक गडी कमी पडतोय. या ना, प्लीज."

कलाताई गाडीत नुसत्या बसून राहिल्या. आपण गेलो नाही तर कोणी रागावणार नाही. दुसरा कोणीतरी गडी मिळेल आणि पुढच्या रविवारी फोनही येणार नाही. पोरी आपल्याशिवाय मजेत खेळतील. हे त्यांना लख्ख दिसत होतं आणि त्याची भीती वाटत होती. शेवटी चरफडत त्यांनी गाडी सुरू केली.

"काकू! नो जँडल्स ऑन द टर्फ!" त्यांच्या पायांतल्या रबरी चपला बघून सिद्धी फाटकातूनच ओरडली.

मुग्धाचे जादा बूट त्यांनी कसेबसे चढवले. बूट घालून खो-खो, आणि तोही सांगलीच्या मुलीने! टर्फला रबराचा वास होता. नाक मुरडून त्या आपल्या चौकात उकिडव्या बसल्या, तर गुडघे कुरकुरले. आपण हरलो, असं त्यांना वाटलं.

"खो!" पाठीवर सिद्धीची थाप पडली.

कलाताई उठल्या त्या धावतच सुटल्या. पुढची पोर निसटली, खांबाला वळसा घालून पलीकडे गेली. कलाताई तिच्या मागे. सूर मारला, कोपर सोलवटलं, तशाच उठल्या. "गो काकू, गो!" मुली किंचाळत होत्या. धाप लागल्यावर त्यांनी शेजारच्या मुलीला कडक खो दिला आणि तिच्या रिकाम्या चौकात धपकन बसल्या. आत्ता कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की धावताना पायांखाली काय आहे हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

त्यांना एकदम रडू फुटलं. मुलींना वाटलं, कोपर दुखतंय.