नंदकुमारचा तीन सेलचा टॉर्च

नंदकुमारला नवीन वस्तू विकत घेणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटायचं. छत्रीला त्याने इतक्या वेळा काड्या घातल्या होत्या, की मूळ छत्रीतली मूठ तेवढी शिल्लक होती. आम्ही मुलुंडला समोरासमोर राहतो. त्याची इमारत जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. माझी पाडून नव्याने बांधलेली. म्हणून तो मला टॉवरवाला म्हणायचा आणि मी त्याला भंगारवाला.

रोज संध्याकाळी तो माझ्याकडे यायचा. निघायची वेळ झाली की माझ्या गॅलरीतून तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या स्वयंपाकघरावर टॉर्च मारायचा. तिकडे माणिकवहिनी दिवा एकदा विझवून पुन्हा लावायच्या. म्हणजे कुकर चढवला. घरोघर मोबाइल आले तरी या दोघांचं हे चालूच होतं. मला त्याची गंमत वाटायची आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही.

गेल्या वर्षी त्याच्या इमारतीत पुनर्विकासाचं वारं शिरलं. नंदकुमार कडाडून विरोधात. इमारत ठणठणीत आहे, प्लास्टर करा, वायरिंग बदला, पाइप बदला, अजून पंचवीस वर्षं हलत नाही, हा त्याचा हेका. आपल्या जिन्यातल्या सगळ्या घरांकडून त्याने शब्द घेतला होता, आणि रविवारच्या सभेत तो दुरुस्तीचा ठराव मांडणार होता. ती घरं फुटली की ठराव पडला, हे तोच मला सांगायचा. वर म्हणायचा, "आमच्या जिन्यातला एक माणूस फुटणार नाही. पहिल्या मजल्यावरचा सुबोध तर गणपतीवर हात ठेवून बोललाय."

बिल्डरही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. जो संमतीवर सही करेल त्याच्या हातात त्याचा माणूस चार्जिंगचा एक टॉर्च ठेवायचा. पेटला की तोंडाभोवती निळी कडी चमकणारा. पलीकडच्या जिन्यात तो पहिल्यांदा दिसला तेव्हा नंदकुमार म्हणाला, "टॉर्चवर विकली जाणारी माणसं! थू!"

आणि त्याच रागात त्याने वडिलांचा टॉर्च उघडला. गिरणीतून रिटायर झाल्यावर त्यांनी गावच्या पायवाटेसाठी घेतलेला, तीन सेलचा, लांबलचक स्टीलचा. हल्ली तो इतका मिणमिणायचा, की वहिनींना दिसायचाही नाही. नंदकुमारने आतला पिवळा बल्ब काढून एलईडी घातला, सेलच्या जागी चार्जिंगची बॅटरी बसवली, बटणाचा गंज पॉलिश पेपरने घासला. तीन आठवडे हेच.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," मी म्हटलं. "एवढ्यात नवीन दोन आले असते."

"नवीन आले असते रे. हा आला असता का?"

शनिवारी संध्याकाळी तो टॉर्च घेऊन आला. रस्त्यापलीकडच्या झाडाचं पान न् पान दिसत होतं. मी म्हटलं, झकास. तो लहान मुलासारखा खूश झाला. एवढ्यात त्याच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत फाटकन आवाज झाला आणि अख्खी इमारत काळोखात गेली.

"वायरिंग," तो म्हणाला. "म्हणून सांगतोय, बदला."

आम्ही गॅलरीत उभे होतो. पहिल्या मजल्यावर एक पांढरा झोत हलला, भोवती निळी कडी. सुबोधचं घर. नंदकुमारने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग दुसऱ्या मजल्यावर निळी कडी. मग चौथ्यावर, दोन्हीकडे. त्याच्या जिन्यात घराघरातून ते निळं कडं फिरू लागलं.

"केसाने गळा कापला रे," तो म्हणाला. "रोज खाली भेटतात. रविवारी भेटूच म्हणतात." मग ताठ उभा राहिला. "जाऊ दे. माझं घर तरी माझं आहे."

आणि त्याने सवयीने आपला टॉर्च स्वयंपाकघराच्या खिडकीवर मारला. या वेळी वहिनींना तो दिसलाच. इतका लख्ख की चुकणं शक्यच नव्हतं. दिवा नव्हता, म्हणून हाताशी जे होतं तेच त्यांनी एकदा पेटवून विझवलं.

निळी कडी.

आपण काय केलं हे बहुधा त्यांनाही तेव्हाच कळलं, कारण खिडकी तशीच काळोखात राहिली.

मी त्याच्याबरोबर जिना चढलो. त्याला एकट्याला सोडवेना. वहिनी दारातच होत्या, भिंतीला धरून.

"तू सही केलीस?"

"घर माझ्या नावावर आहे," त्या म्हणाल्या. माझ्यासमोर बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "दोन वर्षं सांगतेय, हे गुडघे घेऊन मला जिना उतरवत नाही. प्रत्येक वेळी तुम्ही मला प्लास्टर दाखवलंत. सहा महिने झाले, मी खाली पाऊल टाकलेलं नाही. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

"मला सांगायचंस. सही केली एवढं तरी सांगायचंस. मी जगभर शब्द घेत फिरत होतो, माणिक."

मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली. ठराव दुसऱ्या दिवशी बारगळला. मांडायला तो गेलाच नव्हता.

अजून तो रोज संध्याकाळी येतो. टॉर्च माझ्याच कपाटावर ठेवून गेलाय, नेत नाही. निघायच्या वेळेला समोर वहिनी दिवा विझवतात, पुन्हा लावतात. कुणी न विचारता, रोज. मी म्हणतो, "नंद्या, बघ." तो खाली वाकून चपला घालत राहतो.